जोडीची हजेरी

आमच्या मसाल्याच्या कारखान्यात गेली कित्येक वर्षं हजेरीच्या वहीत एक बाई कमी होती आणि चहाला एक कप जास्त लागत होता. हा फरक माझ्या नातीनं शोधला. बी.कॉम. होऊन ती ऑफिसात बसायला लागली, त्याला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"आजी, हजेरीत सव्वीस बाया आणि चहाचे सत्तावीस कप. रोज. कुणी दोनदा चहा पितं का?"

"पीत असेल एखादी," मी म्हणाले. "दिवसभर मिरचीत हात घालायचे म्हटल्यावर पिणारच."

नातीनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे. मी मात्र तिथून उठून गोदामात गेले आणि उगाच पोती मोजत बसले. अडुसष्ट वर्षांची बाई, नातीच्या एका प्रश्नानं पोत्यांमागे लपली. आता सांगायला हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं, कारण सत्ताविसावा कप कुणाचा, ते मला पक्कं माहीत होतं.

हे सगळं कसं झालं ते सांगायचं तर मला माझ्याच एका जुन्या अवताराची ओळख करून द्यावी लागेल. वय पन्नास-एक्कावन्न, नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, मुलगा धंद्यात हाताशी आलेला, आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या नावावर एक पत्र्याची शेड. घरातल्या एका कांडप यंत्रापासून इथपर्यंत आले होते, त्यामुळे अंगात मिजास होती. पण कारखान्यापेक्षाही जास्त मिजास होती ती मला कायदे कळतात याची.

व्यापारी मंडळींच्या हॉलमध्ये नवीन नियमांवर भाषण असलं की मी पहिल्या रांगेत. आधी विक्रीकर होता, मग व्हॅट आला, पुढे जीएसटी आला. स्वतःची मिरची दळून विकली तर काय, दुसऱ्याची नुसती दळून दिली तर काय, पाकिटावर काय छापायचं, बाईला सुटी किती द्यायची, पीएफ कुणाला लागतो, सगळं मी वहीत उतरवून घ्यायची. बाकीचे लोक कचोरी आली की उठायचे. मी कचोरी खात खात प्रश्न विचारायची. आमचा कर सल्लागार मला हसत म्हणायचा, "अक्का, तुम्हीच माझी फी घ्या आता." मला ते खरं वाटायचं. आजूबाजूच्या दोन-चार छोट्या कारखान्यांतल्या बायका सल्ला विचारायला यायच्या, तेव्हा मी चष्मा नाकावर खाली घेऊन बोलायची. चष्म्याची तेव्हा गरज नव्हती. तो नुसता ऐटीसाठी होता.

एवढं ज्ञान मिळवून मी केलं काय? तर प्रत्येक नियमाची कड कुठे संपते ते शोधलं आणि त्या कडेच्या बरोब्बर अलीकडे बसून राहिले.

वीस माणसं झाली की पीएफ लागतो. म्हणून माझ्याकडे एकोणीस. कुणी विचारलं, "किती बाया आहेत तुमच्याकडे?" की मी देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायची, "एकोणीस."

आता त्या सत्ताविसाव्या कपाबद्दल, म्हणजे दोघी जावांबद्दल. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून दोघी सख्ख्या जावा जळगावला आल्या होत्या. नवरे हातगाडीवर आणि बांधकामावर. शिंदखेड्याच्या भागात मिरचीचं काम घराघरात माहीत असतं. मिरचीचा देठ काढायचं काम, आम्ही त्याला देठ खुडणं म्हणतो, हे तिकडे जोडीनं करायची रीत आहे. एका ताडपत्रीवर मिरचीचा एक ढीग, त्याच्या दोन बाजूंना दोघीजणी, बहुतेक सासू-सून नाहीतर जावा-जावा. वजन दोघींचं मिळून होतं आणि वहीत नाव लागतं ते मोठीचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकीचं पोर रडलं की ती उठते, दुसरी दोघींचं खुडते.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हाही तशाच आल्या. थोरली पुढे, धाकटी तिच्या मागे, पदर तोंडाशी.

"अक्का, आमी जोडना शेत," थोरली म्हणाली. आम्ही जोडीच्या आहोत.

"मग एकच नाव लिहू?"

"लिखा ना. मन्हंच लिखा." माझंच लिहा.

सुरुवातीला ते खरंही होतं. एक दिवस ही यायची, एक दिवस ती, कारण घरी लहान पोरं होती. दोघी मिळून एक माणूस व्हायच्या. पण वर्षा-दोन वर्षांत पोरं शाळेत जायला लागली आणि दोघी रोज यायला लागल्या. पूर्ण दिवस. आता एका माणसाची दोन झाली होती. मी वही उघडली, एकोणीस नावं मोजली, विसावं लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. मनात म्हटलं, रीतच आहे जोडीची. आपण कशाला मोडायची?

रीतीबद्दल इतका आदर मला आयुष्यात दुसऱ्या कशासाठीच वाटला नव्हता.

दोनेक वर्षांनी एका मोठ्या दुकानदारानं माल घ्यायच्या आधी पीएफचा नंबर मागितला. नंबर नाही तर माल नाही. तेव्हा एकोणिसाचं कौतुक संपलं आणि मी स्वतःहून नोंदणी केली. सल्लागार म्हणाला, "वहीवर जी नावं आहेत ती सगळी द्या." मी दिली. धाकटी वहीवर नव्हती, म्हणून ती पीएफमध्येही नाही. नवीन कामाला लागली म्हणून त्याच दिवशी तिचं नाव घालता आलं असतं. हे आज सुचतंय असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. पण विसावी कुठून उगवली हे कुणी विचारेल, जुनी वर्षं कुणी उकरील, अशी एक भीती मी स्वतःला घातली आणि ती मला सोयीची होती, कारण तिच्यामुळे थोडे पैसेही वाचत होते.

त्या दिवशी धाकटी माझ्या टेबलाशी आली होती. थोरलीला फॉर्मवर अंगठा देताना तिनं पाहिलं होतं.

"अक्का, मन्हं?"

मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं दोघींचं एकच आहे ना गं. थोरलीचं ते तुझं."

तिनं मान हलवली आणि गेली. तिचा माझ्यावर विश्वास होता, कारण मला कायदे कळतात हे तिनं सगळ्यांकडून ऐकलं होतं.

पुढे एकेक नियम येत गेला आणि माझी अक्कल प्रत्येक वेळी नवं ठिगळ शिवत गेली. पगार बँकेतूनच द्यायचा असं ठरवावं लागलं, तेव्हा धाकटीच्या पगाराचं काय करायचं हा प्रश्न पडला. नेमकं त्याच सुमारास एका भाषणात मी ऐकलं होतं की जादा कामाच्या पैशांवर पीएफ लागत नाही. मी वहीत त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. झालं. धाकटीचा अख्खा पगार थोरलीच्या खात्यात 'जादा काम' म्हणून जाऊ लागला आणि थोरली तो बँकेतून काढून धाकटीला देऊ लागली. कागदावर थोरली रोज सोळा-सोळा तास काम करायची, महिन्याचे सव्वीस दिवस. तेवढं काम करणारी बाई सगळ्या खानदेशात सापडायची नाही. पण कुणी विचारलं नाही, आणि न विचारण्यालाच मी माझी हुशारी समजले.

आधार जोडायची वेळ आली तेव्हा थोरलीचं जोडलं. धाकटी कोपऱ्यात उभी राहून बघत होती.

सगळ्यात लाजेची गोष्ट अजून सांगितलीच नाही. ती लिहायला घेताना मी मध्येच उठून भाजी निवडून आले. एक वर्ष असं आलं की वहीतली एक बाई काम सोडून चोपड्याला मुलाकडे गेली. नाव मोकळं झालं. धाकटीला घालायला काहीच आडकाठी नव्हती, जुनी भीतीसुद्धा नव्हती. त्याच आठवड्यात पाकिटं भरायला एक बारावी झालेली मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काकू, माझा पीएफ नंबर कधी येईल?" मी त्या मुलीचं नाव घातलं. तिनं मागितलं होतं म्हणून. धाकटीनं 'मन्हं?' असं एकदाच विचारलं होतं आणि मी दिलेलं उत्तर खरं मानून ती गप्प बसली होती. गप्प बसणाऱ्या माणसाचं काम मी नेहमी सगळ्यात शेवटी करायची. माहेरी धुळ्याला आई मला यावरून बोलायची, तेव्हा मी तिला अडाणी समजायची.

तर नातीनं कपांचं विचारलं त्याच्या पुढच्या महिन्यात थोरली अठ्ठावन्नची झाली आणि कामावरून घरी बसली. आम्ही तिला साडी दिली, नारळ दिला. धाकटी कामावर येतच होती, तिचा पगार मी गुपचूप रोख देऊ लागले. थोड्या महिन्यांनी एका सकाळी ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन शेडमध्ये आली. नवी साडी, कपाळावर मोठं कुंकू.

"अक्का, पेढा ल्या. मन्ही पेन्शन सुरू व्हयनी."

सगळ्या बाया गोळा झाल्या. पीएफमध्ये दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर महिन्याला थोडी पेन्शन मिळते. थोरलीची बारा-तेरा वर्षं भरली होती. रक्कम काही फार नव्हती. पण हातगाडीवाल्याच्या बायकोला दर महिन्याला न मागता पैसे येणार, याचं तेज तिच्या तोंडावर होतं. पेढे वाटत वाटत ती धाकटीपाशी आली. धाकटीनं पेढा घेतला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग त्यामा मन्ही अर्धी ना?"

"तुन्ही कसानी?" थोरली हसली.

"जोडनी हजेरी, मंग पेन्शन बी जोडनी."

"येडी का काय? नाव मन्हं शे."

"नाव तुन्हं शे. पन देठ कोनी खुड्यात?"

एखाद-दोन बाया हसल्या. मग कुणीच हसेना. थोरलीचा चेहरा कडक झाला आणि धाकटीनं पेढा तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुमीच सांगेल व्हतं ना? थोरलीनं ते तुन्हं?"

मी तिथे उभी होते, माझ्या मागे नात उभी होती. मला खोकला आला, मिरचीच्या शेडमध्ये खोकला आला की कुणी शंका घेत नाही, त्याचा आधार घेऊन मी ऑफिसात गेले. नात पाठोपाठ आली आणि तिनं दार लावलं.

"सत्ताविसावा कप," ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. एकोणीस, जोड, जादा काम, चोपड्याला गेलेली बाई, सगळं. ती मध्ये एकदाच बोलली. "आजी, मी जुनी पगारपत्रकं बघत होते. महिनाभर रोज सोळा तास. मला वाटलं आकडा चुकलाय. हे कायद्यानं चालत नाही आणि शरीरानंही चालत नाही."

"तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं?"

"तेच तर," ती म्हणाली.

धाकटीचं वय छप्पन्न. आज नवीन म्हणून नाव घातलं तर अठ्ठावन्नपर्यंत दोन वर्षं भरणार. पेन्शनला दहा लागतात. म्हणजे सतरा वर्षं माझ्याकडे मिरचीत बसून तिच्या हाती पेन्शन शून्य. तिचा नवरा बांधकामावरून पडल्यापासून घरीच असतो, हे मी अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं टाळत होते.

संध्याकाळी घरी बैठक बसली. मुलानं सरळ सांगितलं, "आई, आजपासून नवीन म्हणून घाल. वर तिला हातात काहीतरी दे. विषय संपला."

"काहीतरी म्हणजे किती?" नातीनं विचारलं. "आणि किती वर्षं देणार? तिला ती मदत वाटेल. थोरलीला हक्काची पेन्शन आणि हिला आपल्या मर्जीचं."

"मग काय, जुनं सगळं उकरायचं?"

तेव्हा नातीनं सांगितलं की सरकारनं नुकतीच एक सवलत काढली आहे. ज्यांची नावं मालकांनी घातलीच नाहीत, अशा माणसांची नावं मालकानं स्वतःहून सांगायची. कामगाराच्या वाट्याची रक्कम आपण कापलेलीच नसेल तर ती माफ. आपला वाटा व्याजासकट भरायचा, दंड नाममात्र. पण एका ठरावीक वर्षापासून पुढचीच नोकरी त्यात धरतात, त्याच्या मागची नाही. आणि त्याची मुदत संपत आली होती.

"आणि लिहून काय द्यायचं?" मुलानं विचारलं.

"की ही बाई इतकी वर्षं आपल्याकडे कामाला होती आणि आपण नाव घातलं नाही. आजीच्या सहीनं. कारखाना आजीच्या नावावर आहे."

"म्हणजे आईनं लिहून द्यायचं की आई खोटं वागली."

"हो," नात म्हणाली. तिला माझा राग आला होता आणि माझी लाजही वाटत होती, दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं. आपली आजी हुशार आहे असं ती शाळेत सगळ्यांना सांगायची.

आमचे हे इतका वेळ पेपर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना पेन्शन येते आणि ती किती तोकडी आहे यावर ते दर महिन्याला माझं डोकं खातात. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याचा वैताग. ते पेपर खाली न करता म्हणाले, "मी जिवंत आहे एवढंच मला दरवर्षी दाखवावं लागतं तरी मी केवढा ओरडतो. त्या बाईला आधी ती आहे हेच दाखवावं लागणार."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"दर वेळी डबा द्यायला यायचो तेव्हा दिसायची. तू म्हणायचीस, जोडीची आहे." मग त्यांनी पेपर खाली घेतला. "मीही पुढं विचारलं नाही."

सही मी केली. त्यात मोठेपणा काही नाही. खरं सांगायचं तर सही करायच्या आधी मी दोनदा नातीला विचारलं की याच्यावरून मागची वर्षं तपासतील का. म्हणजे अडुसष्टाव्या वर्षीही, धाकटीची पेन्शन समोर असताना, मी आधी माझी कडच शोधत होते. नात म्हणाली, "तपासतीलही." मग मी पेन उचललं.

पीएफचा नंबर काढायला धाकटीला ऑफिसात बोलावलं. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवला की नंबर निघतो. बरं झालं, कारण बोटांचे ठसे उमटले नसते. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा लागत नाही, दर वेळी पुसून पुसून लावावा लागतो. सतरा वर्षं मिरची खुडून बोटांवरच्या रेघा झिजल्या आहेत. फोन म्हणाला, डोळे मिटा, उघडा. तिनं मिटले, उघडले. तिसऱ्या वेळी फोननं तिला ओळखलं.

नात म्हणाली, "झालं. आता तुमचं नाव आलं."

"मन्हंच ना?" धाकटीनं विचारलं. "थोरलीनं नही ना?"

मग मी नातीला बाहेर पाठवलं. हे मलाच सांगायचं होतं.

मी धाकटीला सांगितलं की तिची सगळी वर्षं भरून निघणार नाहीत. साडेआठच्या आसपास निघतील. पेन्शनला दहा लागतात. म्हणजे आता घरी बसली तर काही मिळणार नाही. अजून दीड-एक वर्ष यावं लागेल. आणि हे सगळं माझ्यामुळे झालं. मी तेव्हा जे सांगितलं ते खोटं होतं.

बाहेर मिरची दळायचं पल्व्हरायझर चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

"थोरलीले माहीत व्हतं?"

"नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की तिचं नाव आहे."

"तुम्हले?"

"मला माहीत होतं."

"पह्यलेपासून?"

"पहिल्यापासून."

ती मला शिव्या देईल अशी मी तयारी केली होती. रडेल अशीही केली होती, आणि तिनं रडावं असं कुठेतरी वाटत होतं, म्हणजे मला तिला समजावता आलं असतं, पाणी देता आलं असतं. ती रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी तिनासंगे पेढाना दिनपासून बोलत नही." थोरलीशी. एका घरात, एकीच्या चुलीला लागून दुसरीची चूल. "मी तिले चोट्टी म्हनेल शे. पोरेसमोर."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिची वर्षं मोजली, पेन्शन मोजली. जोड तुटली ते मोजलंच नव्हतं.

"मी येते सांगायला," मी म्हणाले.

"याच लागी तुम्हले," ती म्हणाली. यावंच लागेल. विनंतीचा सूर नव्हता त्यात.

मी गेले. त्यांच्या दारात, दोघींच्या नवऱ्यांसमोर, थोरलीच्या सुनेसमोर मी पुन्हा सगळं सांगितलं. थोरलीनं मला बसायला पाट दिला, पण पाणी विचारलं नाही. खानदेशात पाणी न विचारणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी उठले तेव्हा दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्याच, पण थोरलीनं आतून एक वाटी आणून धाकटीच्या ओट्यावर ठेवली. काय होतं ते मी बघितलं नाही.

कामावर यायला धाकटीनं अट घातली. "मी येसू. पन मिरचीले हात लावाव नही." तिचा खोकला आता उन्हाळ्यातही थांबत नाही. तिला पाकिटं मोजायला बसवलं. आणि नव्या कायद्याप्रमाणे नातीनं प्रत्येकीला नियुक्तीपत्र दिलं, तेव्हा धाकटीनं आपलं पत्र नातीकडून तीनदा वाचून घेतलं. सगळं. नाव, काम, पगार, सुट्या, सगळं. बाकीच्या बायांनी ते घडी घालून पर्समध्ये टाकलं.

आता माझी गंमत सांगते. पूर्वी बाया आल्या की मी वही घेऊन कोण उशिरा आलं ते बघायची. आता मी रोज सकाळी एकाच बाईची वाट बघते. ती दिसली की जिवात जीव येतो. तिचा खोकला वाढला की मी आलं-गूळ घेऊन जाते, ती म्हणते, "ठेवी द्या." दीड वर्षातले महिने मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेत. नात म्हणते, एखाद्या दिवसानं काही बिघडत नाही आजी. मला पटत नाही. माझ्याकडे तिची एवढी वर्षं फुकट गेली, आता एक दिवसही जायला नको असं वाटतं.

गेल्या आठवड्यात ती आली नाही. सोमवारीही नाही, मंगळवारीही नाही. नात कामासाठी धुळ्याला गेली होती, तिला फोन लागेना. मी मंगळवारी दुपारी रिक्षा केली आणि थेट त्यांच्या गल्लीत गेले. रस्ताभर नाही नाही ते मनात आलं. दवाखाना, सलाईन, आणखी काय काय.

धाकटी ओट्यावर ऐसपैस बसली होती. पायाला मेंदी. समोर थोरली बसली होती आणि दोघींच्या मध्ये एका ताटात शेंगा होत्या.

"काय झालं गं?" मला धाप लागली होती. "बरं नाही का? आली का नाहीस?"

"माहेरे लगन व्हतं. मी सुटीवर शे."

"सुटीवर? कोणाला विचारून?"

"नातले अर्ज देयेल शे. पगारी सुटी. तुम्हना कागदवर लिखेल शे ना, अक्का?" मग थोरलीकडे बघून ती म्हणाली, "यास्ले कायदा माहीत नही वाटस."

थोरली हसली. मोठ्यानं हसली. धाकटी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी आता काय करते ते.

मी काही केलं नाही. पाणीही मागितलं नाही. रिक्षावाला थांबला होता, त्यात बसून परत आले आणि वहीत तिच्या नावापुढे दोन दिवसांची सुटी मांडली. पगारी.